मोटरहोमचे स्टेअरिंग सुधारताना: डॅम्पर, अँटी-रोल बार आणि मागचा ट्रॅक बार यांचा दोन वर्षांचा अनुभव

मोटरहोम घेतल्यानंतरच्या पहिल्या लांबच्या प्रवासात मी सहा तास गाडी चालवली आणि मुक्कामी उतरलो तेव्हा माझे दोन्ही खांदे भरून आले होते. रस्ता सरळ होता आणि वाराही फारसा नव्हता, तरीही स्टेअरिंग एका जागी धरून ठेवता येत नव्हते. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असे सतत काहीतरी करावे लागत होते. एखादा मोठा ट्रक आम्हाला ओलांडू लागला की त्याच्या तोंडाशी दाबली गेलेली हवा आमच्या गाडीला आधी बाहेरच्या बाजूला ढकलत असे, आणि ट्रक पुढे सरकताच गाडी त्याच्या दिशेने ओढली जात असे. शेजारी बसलेली माझी पत्नी प्रत्येक ट्रकच्या वेळी दाराची मूठ घट्ट धरत होती. आपण गाडी चालवत नसून तिला आवरत आहोत, ही भावना घेऊन मी त्या रात्री झोपलो, आणि पुढची दोन वर्षे या एकाच दुखण्याच्या मागे लागलो.

या दोन वर्षांत मी तीन वस्तू विकत घेऊन बसवल्या: आत स्प्रिंग असलेला स्टेअरिंग डॅम्पर, मागचा जाड अँटी-रोल बार आणि मागच्या ॲक्सलला आडवा धरणारा ट्रॅक बार. त्या याच क्रमाने घेतल्या, आणि आज मागे वळून पाहताना तो क्रम नेमका उलटा असायला हवा होता असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सर्वांत मोठा फरक ट्रॅक बारने पडला. अँटी-रोल बारने गाडीचे झुलणे कमी केले, पण त्याची काही किंमत मोजावी लागली. डॅम्पर ही वस्तू चांगली आहे, मात्र मी ती ज्या दुखण्यासाठी घेतली त्या दुखण्याचे ते औषध नव्हते. या तिन्ही वस्तू अनेक कंपन्या जवळजवळ एकाच तत्त्वावर बनवतात आणि गाडीनुसार त्यांचे ब्रॅकेट तेवढे बदलतात, म्हणून येथे मी नावापेक्षा रचनेचे मूल्यमापन केले आहे.

आमची गाडी कशी आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण हे सगळे अनुभव त्या रचनेशी बांधलेले आहेत. गाडीची लांबी ९.७५ मीटर आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) ५.२८ मीटर आहे, म्हणजे व्हीलबेस लांबीच्या सुमारे ५४ टक्के. मागच्या चाकांच्या मागे जवळजवळ सव्वातीन मीटर घर बाहेर आलेले आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, म्हणजे मुळात ही मालट्रकची चासी (खालचा सांगाडा) असून तिच्यावर घर बांधलेले आहे. फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेल्या गाड्यांचीही मूळ मांडणी अशीच असते. फियाट ड्युकाटोवर बांधलेल्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आणि पुढे स्ट्रट (प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग आणि शॉकअप) असलेल्या गाड्यांचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. त्यांच्याविषयी पुढे ओझरते लिहिले आहे.

एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी जे करायला हवे होते, ते मी पहिला भाग बसवून निराश झाल्यावर केले. त्यातले पहिले काम म्हणजे गाडी पूर्ण भरलेल्या अवस्थेत, पाण्याची टाकी आणि माणसांसह, वजनकाट्यावर नेणे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी, आणि सोय असेल तर प्रत्येक चाकाचे वजन वेगळे घ्यावे. आमच्या मागच्या डिकीत अवजारांची पेटी, घडीच्या खुर्च्या, जनरेटर आणि इतर सामान मिळून सुमारे १५० किलो वजन होते, आणि ते मागच्या ॲक्सलच्या साधारण २.६ मीटर मागे होते. मुलांच्या सी-सॉसारखा हा हिशेब आहे. १५० ला २.६ ने गुणून ५.२८ ने भागले की सुमारे ७४ येतात. म्हणजे त्या सामानाने पुढच्या चाकांवरचा ७४ किलो भार उचलून काढून घेतला होता, आणि मागच्या ॲक्सलवर १५० नव्हे तर २२४ किलो टाकले होते. पुढची चाके हलकी झाली की त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते आणि स्टेअरिंग पोकळ वाटू लागते. जड सामान दोन्ही ॲक्सलांच्या मधल्या कप्प्यांत हलवल्यावर जो फरक पडला, त्यासाठी एक पैसाही लागला नाही.

दुसरे काम टायरमधल्या हवेचे. गाडी हाती आली तेव्हा सहाही टायरांत भिंतीवर छापलेल्या आकड्याइतकी, म्हणजे ११० पीएसआय हवा होती, आणि मीही ती श्रद्धेने तशीच राखत होतो. तो आकडा टायरने कमाल भार पेलायचा असेल तेव्हा लागणाऱ्या हवेचा असतो, आपल्या गाडीच्या भाराचा नसतो. प्रत्येक टायर कंपनी कोणत्या भाराला किती हवा हे दाखवणारा तक्ता प्रसिद्ध करते. तो तक्ता आणि वजनकाट्याची पावती समोर ठेवून, प्रत्येक ॲक्सलवरच्या जास्त भार असलेल्या बाजूचा आकडा धरून, आणि वर थोडी राखीव हवा ठेवून मी पुढच्या टायरांत ८० पीएसआय ठेवायला सुरुवात केली. टायर थंड असताना मोजलेला हा आकडा माझ्या गाडीचा आहे. दुसऱ्या कोणी तो जसाच्या तसा उचलू नये, कारण गरजेपेक्षा कमी हवा ही जास्त हवेपेक्षा कितीतरी धोकादायक असते. टायर फार कडक असला की त्याचा मधला भाग तेवढा रस्त्याला टेकतो, आणि रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या प्रत्येक चरीच्या मागे गाडी जाऊ लागते. हवा योग्य केल्यावर हे चरीमागे धावणे निम्म्याहून कमी झाले.

तिसरे काम मला सर्वांत जास्त शिकवून गेले. चाके जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि पॉवर स्टेअरिंगसाठी इंजिन चालू, अशा स्थितीत पत्नीने स्टेअरिंग घड्याळाच्या अकरा ते एकच्या दरम्यान हळूहळू फिरवत ठेवले आणि मी पुढच्या ॲक्सलखाली आडवा होऊन एकेक सांधा बोटांनी चाचपत गेलो. स्टेअरिंग बॉक्समधून बाहेर येणाऱ्या हातापासून (पिटमन आर्म) चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या (ड्रॅग लिंक) टोकाचा बॉलजॉइंट हाती आला तेव्हा दिशा बदलण्याच्या प्रत्येक वेळी बोटाखाली अगदी बारीक ‘टक्’ लागत होते. रबरी टोपी एका बाजूने फाटलेली होती, आतले ग्रीस वाळून काळ्या मातीसारखे झाले होते, आणि लिंक हलण्याआधी बॉल आपल्या खोबणीत केसभर सरकत होता. त्या केसभर जागेचा स्टेअरिंग चाकाच्या कडेला जवळजवळ दोन बोटे प्ले (सैलपणा) होत होता. एक सांधा बदलल्यावर गाडीला मी काय सांगतो आहे ते लगेच ऐकू येऊ लागले. येथे एक सावधगिरी नोंदवून ठेवतो. प्ले दिसला की स्टेअरिंग बॉक्सवरचा समायोजनाचा स्क्रू कसून टाकण्याचा मोह होतो, पण तो गरजेपेक्षा कसला तर बॉक्स मध्यावर अडकू लागतो, चाक आपसूक सरळ होत नाही आणि आतले भाग लवकर झिजतात. सर्व बाहेरचे सांधे निर्दोष आहेत याची खात्री झाल्यावरच, आणि कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच, त्याला हात लावावा.

व्हील अलाइनमेंट करताना गाडी सामानासह नेणे आणि कॅस्टरविषयी स्वतःहून बोलणे, या दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. चाक ज्या रेषेभोवती वळते त्या रेषेच्या वरच्या टोकाचा मागच्या बाजूला असलेला कल म्हणजे कॅस्टर. सायकलचा चिमटा तिरका असल्यामुळे पुढचे चाक चालताना सरळ राहू पाहते, तसाच हा गुण आहे. कॅस्टर कमी असेल तर स्टेअरिंग हलके लागते, पण सरळ रेषेत गाडीला स्वतःची बुद्धी राहत नाही. बहुतेक ठिकाणी टो (चाके पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तेवढा तपासून कागद हातात देतात. आमच्या गाडीचा कॅस्टर कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला होता. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पातळ पाचरी घालून तो सुमारे २ अंशांनी वाढवला, तेव्हा वळणानंतर स्टेअरिंग हातातून आपोआप मध्यावर येऊ लागले. अखंड ॲक्सलच्या गाडीत हे काम एवढे सोपे आहे, आणि तरीही ते क्वचितच सुचवले जाते.

आता तीन वस्तूंकडे येतो.

स्टेअरिंग डॅम्पर मी सर्वांत आधी घेतला, कारण जाहिराती त्याच्याच जास्त दिसतात आणि तो बसवायला एक दुपार पुरते. या डॅम्परचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून न घेता पैसे घालू नयेत. साधा डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉकअप. तो फक्त वेगवान हालचालीला विरोध करतो, म्हणजे खड्ड्यातून स्टेअरिंगला बसणारा झटका मऊ करतो. चाकांना मध्यावर आणण्याचे काम तो करत नाही. दुसऱ्या प्रकारात हायड्रॉलिक डॅम्परबरोबर एक जोरदार कॉइल स्प्रिंग असते आणि ती चाकांना सतत सरळ स्थितीकडे ढकलत राहते. सेफ-टी-प्लस हे या प्रकारातले जुने नाव आहे. ब्लू ऑक्सचा ट्रूसेंटर आणखी एक पाऊल पुढे जातो. त्यात मध्यबिंदू चालकाला बसल्या जागेवरून बटणाने बदलता येतो, आणि ज्या रस्त्यांना एका कडेकडे बराच उतार असतो किंवा जेथे तासन्‌तास एकाच बाजूने वारा लागतो तेथे हा गुण खरोखर उपयोगी आहे.

मी घेतलेला डॅम्पर स्प्रिंगचा, बटण नसलेला. ज्या गॅरेजमध्ये तो बसवला तेथील मेकॅनिकने चाके डोळ्यांच्या अंदाजाने सरळ करून क्लँप आवळला. परिणामी स्प्रिंगचा मध्य आणि गाडीचा मध्य यांत थोडासा फरक राहिला, आणि पूर्वी दोन्हीकडे भटकणारी गाडी आता निष्ठेने डावीकडे ओढू लागली. चारशे किलोमीटर मी ती उजव्या हाताने धरून चालवली आणि वस्तूलाच दोष देत राहिलो. दोष बसवण्यात होता. योग्य पद्धत अशी आहे की क्लँप ढिला ठेवून सपाट, मोकळ्या जागेत गाडी हळू वेगाने काही अंतर सरळ चालवावी, चाकांना आपला मध्य सापडू द्यावा, स्टेअरिंगला हात न लावता थांबावे आणि मगच यू-बोल्ट आवळावेत. मी हे दोनदा केले तेव्हा ओढणे पूर्ण थांबले.

एवढे सगळे झाल्यावर फायदा काय झाला, तर खड्ड्याचा झटका हातापर्यंत येईनासा झाला आणि सरळ रस्त्यावर बोटांवरचा ताण थोडा हलका झाला. ट्रक ओलांडताना होणारी ढकलाढकल मात्र जशीच्या तशी राहिली. याचे कारण मला नंतर समजले: ती ढकल पुढच्या चाकांतून येतच नव्हती. शिवाय स्प्रिंगच्या दाबाखाली तो झिजलेला बॉलजॉइंट एका बाजूला दाबून राहिला आणि त्याचा प्ले माझ्या हाताला जाणवेनासा झाला. दुखणे झाकणारा भाग दुखणे शोधण्याआधी बसवला की असे होते. हा माझा या वस्तूवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि तो वस्तूपेक्षा ती विकण्याच्या पद्धतीवर आहे, कारण मला ती विकताना कोणीही सांधे तपासले का असे विचारले नाही.

अँटी-रोल बार ही इंग्रजी यू आकाराची पोलादी दांडी असते. तिचा मधला भाग चासीला किंवा ॲक्सलला बुशांमध्ये (लवचीक वेढ्यांमध्ये) धरलेला असतो आणि दोन्ही हात लिंकांनी, म्हणजे लहान जोडदांड्यांनी, त्या दोघांपैकी दुसऱ्याला जोडलेले असतात. गाडी एका अंगावर कलली की दांडीला पीळ बसतो आणि ती कलण्याला विरोध करते. येथे जाडी फार महत्त्वाची आहे, कारण भरीव दांडीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. २५ मिलिमीटरच्या दांडीऐवजी ३२ मिलिमीटरची घातली तर जाडी जेमतेम सव्वापटीच्या वर जाते, पण ताठपणा सुमारे २.७ पट होतो. नवी दांडी घेण्याआधी एक बिनखर्ची उपाय करून पाहण्याजोगा आहे. काही चासींत, त्यात एफ-५३ आली, बारच्या हाताला लिंकसाठी दोन छिद्रे असतात. लिंक आतल्या छिद्रात घेतली की तरफेचा हात आखूड होतो. हात ३०० वरून २६० मिलिमीटरवर आला तर तेवढ्यानेच बार सुमारे एक तृतीयांश अधिक ताठ होतो. आमच्या गाडीतही अशी दोन छिद्रे होती. मी तेथे थांबलो असतो तरी चालले असते असे कधीकधी वाटते.

तरीही मागचा जाड बार बसवला, आणि पेट्रोलपंपाच्या आवारात शिरताना होणारा जहाजासारखा डोल, ज्याने कपाटातली भांडी एका बाजूला जमा होत, तो एका फटक्यात गेला. वळणदार घाटरस्त्यावर गाडी कलते, पण कलून थांबते; पूर्वीसारखी कलून पुन्हा उलट दिशेला झुलत नाही. किंमत मोजावी लागली ती अशी की हा बार दोन्ही बाजूंच्या चाकांना एकमेकांशी बांधतो, त्यामुळे एकाच चाकाखाली खड्डा आला तर तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे फेकली जातात. मागच्या खोलीत हे जास्त जाणवते. पॉलियुरेथेनचे बुश पहिल्या पावसानंतर किरकिरू लागले. त्यांना कंपनीने दिलेलेच सिलिकॉन ग्रीस पुन्हा लावल्यावर आवाज थांबला. आणखी एक गोष्ट तांत्रिक असली तरी टाळू नये: फक्त मागचा बार फार ताठ केला तर वळणात मागची चाके आधी पकड सोडू पाहतात. मागचा वाढवताना पुढच्या बारचा विचार बरोबरीने करावा. मी पुढे निदान लिंक आतल्या छिद्रात घेतली.

आता ट्रॅक बार, ज्याच्यासाठी हा सगळा मजकूर लिहायला घेतला. पाट्यांच्या गाडीत मागच्या ॲक्सलला जागेवर धरण्याचे सारे काम पाटेच करतात: पुढे-मागे तेच, वर-खाली तेच आणि आडवेही तेच. पहिल्या दोन दिशांना ते समर्थ आहेत. आडव्या दिशेला मात्र पाटा, त्याचे रबरी बुश आणि शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी हलती कडी) हे सगळे मिळून थोडे थोडे सरकतात. सव्वातीन मीटर बाहेर आलेल्या घराच्या मागच्या अंगावर वारा लागला की ते घर चाकांवरून आडवे सरकते. चाके रस्त्यावर असतात तेथेच राहतात आणि वरचा सांगाडा मागच्या बाजूने फिरतो. चालकाला ते पुढचे नाक फिरल्यासारखे वाटते. तो स्टेअरिंग फिरवतो, तोपर्यंत पाटे घराला परत मध्यावर आणत असतात, आणि चालकाची दुरुस्ती व पाट्यांची दुरुस्ती एकत्र होऊन गाडी उलट दिशेला जाते. शेपूट कुत्र्याला हलवते असे मोटरहोमवाले म्हणतात ते हेच. पुढच्या चाकांना कितीही स्प्रिंगा लावल्या तरी हे दुखणे का जात नव्हते, ते यावरून कळते.

हे केवळ वाचून मी नवी वस्तू घेणार नव्हतो, कारण एकदा हात पोळले होते. म्हणून एक साधी चाचणी केली. मागच्या ॲक्सलवर क्लँपने जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा बांधला आणि चासीला लावलेल्या पट्टीवर एक बोथट पेन्सिल अशी अडकवली की तिचे टोक पुठ्ठ्याला हलके टेकून राहील. वीस किलोमीटरचा नेहमीचा रस्ता, त्यात ट्रकांची वर्दळ, आणि परत आल्यावर पुठ्ठा काढून पाहिला. पेन्सिलने मधोमध एक काळाकुट्ट, भाकरीसारखा गोलसर गठ्ठा गिरवून ठेवला होता. वर-खाली रेघा असणारच होत्या, पण त्याची आडवी रुंदी १४ मिलिमीटर भरली. घर चाकांवर आडवे चौदा मिलिमीटर हिंडत होते, आणि मी दीड वर्ष ते स्टेअरिंगमध्ये शोधत होतो.

ट्रॅक बार, ज्याला पॅनहार्ड या जुन्या फ्रेंच मोटार कंपनीच्या नावावरून पॅनहार्ड रॉडही म्हणतात, ही एक साधी मजबूत दांडी आहे. तिचे एक टोक एका बाजूला चासीला आणि दुसरे टोक पलीकडच्या बाजूला ॲक्सलला जोडलेले असते. ॲक्सल वर-खाली होऊ शकतो, पण आडवा सरकू शकत नाही. ब्लू ऑक्सचा टायगरट्रॅक आणि सुपरस्टीअरचे बार हे या कामासाठी ओळखले जातात. निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: दांडी शक्य तितकी लांब असावी, आणि गाडी भरलेली उभी असताना ती शक्य तितकी आडवी असावी. दांडीचे टोक वर्तुळाकार फिरते, म्हणून ॲक्सल वर-खाली होताना थोडी आडवी हालचाल तिच्यामुळेच होते. एक मीटरची दांडी सपाट असेल तर ॲक्सल ५० मिलिमीटर हलला तरी ही हालचाल १.२५ मिलिमीटरच असते. तीच दांडी आधीपासून १०० मिलिमीटर तिरकी बसवली असेल आणि ॲक्सल त्याच दिशेने आणखी ५० मिलिमीटर हलला, तर हालचाल सहा मिलिमीटरांवर जाते, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. आमच्यासाठी आलेल्या संचातला ब्रॅकेट गाडीच्या खऱ्या उंचीला किंचित वर येत होता. तो कंपनीकडून बदलून घ्यायला तीन आठवडे गेले, आणि ते थांबणे योग्य ठरले.

संच बोल्टांनी बसणारा असावा, चासीला वेल्डिंग किंवा तिच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवे छिद्र लागणार नाही असा असावा. डिफरन्शियल, एक्झॉस्ट आणि ब्रेकच्या नळ्या यांच्यापासून दांडी ॲक्सलच्या पूर्ण हालचालीत दूर राहते ना, हे जॅकवर गाडी उचलून प्रत्यक्ष पाहावे. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. माझे दोन बोल्ट तेव्हा पाव फेरा आत गेले.

बसवल्यानंतर तीच पेन्सिल, तसाच नवा पुठ्ठा आणि तोच रस्ता. या वेळी भाकरीच्या जागी जवळजवळ सरळ उभी, जाडसर रेघ होती. रुंदी ४ मिलिमीटर. पण पुठ्ठा काढण्याआधीच मला उत्तर मिळाले होते, कारण परतीच्या वाटेवर एक लांब ट्रेलर आम्हाला ओलांडून गेला आणि पत्नी दाराची मूठ न धरता बोलत राहिली. ढकल अजूनही जाणवते. एवढ्या मोठ्या भिंतीला वारा लागणारच. फरक हा की गाडी आता एकदा ढकलली जाते, एका लहानशा दुरुस्तीने जागेवर येते आणि तेथेच राहते. मागून पुढे सरकणारी ती नागमोडी लाट पूर्ण गेली आहे. दोष म्हणावा तर एवढाच की मोठ्या गतिरोधकावर मागून एक हलका आडवा हिसका जाणवतो, आणि त्याचे गणित वर दिलेलेच आहे.

पुढच्या ॲक्सललाही असा बार मिळतो. मी तो घेतलेला नाही. ज्या गाडीत ड्रॅग लिंक आडवी जाते तेथे पुढचा बार तिला समांतर आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीचा असला पाहिजे, नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर स्टेअरिंग आपोआप फिरू लागते. हे काम जाणकाराशिवाय करू नये.

इतर उपायांविषयी थोडक्यात. चांगले शॉकअप गाडीचे उसळणे थांबवतात, आणि जुने झिजलेले असतील तर ते बदलणे टाळू नये. कोनीच्या एफएसडी प्रकारात बारीक, जलद धक्क्यांना शॉकअप मऊ आणि संथ झुलण्याला कडक राहतो, आणि मोटरहोमला नेमके तेच हवे असते. पण भटकणे ते दुरुस्त करत नाहीत. मागे लावायच्या हवेच्या फुग्यांनी खाली बसलेली गाडी सपाट होते, पण ते भरताना कॅस्टरचे भान ठेवावे: आमच्या व्हीलबेसला मागची बाजू ५० मिलिमीटर उचलली तर चासी नाकावर झुकून कॅस्टर अर्ध्या अंशाहून थोडा अधिक कमी होतो. ड्युकाटोसारख्या गाडीत मागे जास्त सामान भरले तर पुढच्या चाकांची फक्त दिशाच नव्हे, ओढण्याची पकडही जाते, म्हणून तेथे वजनकाट्याची पावती सर्वांत मोठी. आल-कोच्या रुंद, टॉर्शन बार ॲक्सलच्या चासीवर बांधलेल्या गाड्यांना पाटेच नसल्यामुळे ट्रॅक बारचा हा सगळा ऊहापोह लागू होत नाही.

शेवटी मी एक गोष्ट न्याय म्हणून केली. ट्रॅक बार बसवल्यावर डॅम्पर पूर्णपणे काढून ठेवला आणि त्याच्याशिवाय सहाशे किलोमीटर गाडी चालवली. सरळ रस्त्यावर त्याची उणीव जवळजवळ भासली नाही. खराब रस्त्यावर हाताला झटके पुन्हा येऊ लागले, एवढेच. तरीही तो मी परत बसवला, आणि या वेळी मध्य स्वतः शोधून बसवला. पुढचा टायर वेगात फुटला तर गाडी त्या बाजूला जोराने खेचली जाते, आणि त्या पहिल्या दोन सेकंदांत चाकांना सरळ धरणारी स्प्रिंग चालकाच्या हातांच्या मदतीला असते. त्या एका कामासाठी तो आता आमच्या ॲक्सलवर आहे, आणि दर सहा महिन्यांनी मी त्याचा एक क्लँप सोडून, खाली आडवा होऊन, सारे सांधे पुन्हा बोटांनी चाचपतो.